मत्स्यटाकीतील काम व हातमोजे

छावणीच्या आठवडी बाजारात गुरांचा भाग मागे टाकून मासळीवाल्यांकडे वळले म्हणजे एक गोष्ट सहज ध्यानात येते. मासळी तोलणारा, कापणारा आणि पाण्याच्या टोपातून जिवंत मासा काढणारा, ह्या साऱ्यांचे हात उघडे असतात. जुन्या माणसांना त्यात काही वावगे वाटत नाही. मासळीचा काटा लागणे हे बाभळीचा काटा लागण्यासारखेच ते समजतात. ह्याच बाजारात गेल्या वर्षी एका तरुण शेतकऱ्याशी आमची गाठ पडली. पडेगावच्या बाजूस त्याची थोडी जमीन आहे. घरामागील पत्र्याच्या शेडमध्ये तो शोभेचे मासे वाढवितो आणि शहरातील हौशी लोकांच्या मत्स्यटाक्या स्वच्छ करून देण्याचे कामही करतो. त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटावर जांभळट गाठ उठली होती आणि तिच्यापासून मनगटाकडे आणखी दोन गाठी ओळीने गेल्या होत्या. चार महिने झाले तरी दुखणे हटत नव्हते. काटा मोडून राहिला असेल म्हणून एकदा चिरा देण्यात आला; पुढे गजकर्ण समजून मलम लावण्यात आले. कापूस वेचणीचा सारा हंगाम त्याने डाव्या हाताने काढला.

खाऱ्या पाण्याच्या टाकीतील दगड घासताना बोटाला खरचटले होते, ही गोष्ट त्याने कोणासही सांगितली नव्हती. ती खरचट दोन दिवसांत भरून आली होती आणि गाठ उठली ती त्यानंतर सुमारे तीन आठवड्यांनी. मध्ये इतके दिवस गेल्यावर दोहोंचा संबंध कोण जोडणार? प्रस्तुत लेख त्या बोटावरून सुचला.

शेतकीच्या पत्रिकेत मत्स्यटाकीचा विषय कशासाठी, असे काही वाचकांना वाटेल. परंतु मराठवाड्यात शेततळी झाली, त्यांत मत्स्यबीज सोडले जाऊ लागले, आणि २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत शोभिवंत मासे वाढविण्याच्या केंद्रांनाही साहाय्याची तरतूद करण्यात आली. त्यामुळे शहराजवळच्या खेड्यांतील होतकरू तरुण ह्या जोडधंद्याकडे वळू लागले आहेत. गोड्या पाण्यातील माशांपासून आरंभ करणारा मनुष्य कालांतराने खाऱ्या पाण्याच्या टाकीपर्यंत जातो, कारण तिची देखभाल कठीण असल्यामुळे मोबदलाही अधिक मिळतो. १९५१ साली मुंबईत मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय उघडले, तेव्हा समुद्रातील रंगीत मासे काचेआड पाहण्यास लोक दुरून येत असत. आज तसे मासे समुद्रापासून दूर असलेल्या आपल्या शहरातही लोकांच्या दिवाणखान्यात दिसतात. एक लिटर स्वच्छ पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम, ह्या प्रमाणात त्यासाठी तयार केलेले क्षार विरघळविले म्हणजे समुद्राच्या पाण्यासारखे पाणी तयार होते.

अशा काही टाक्यांत मासे, दगड आणि त्या दगडांवर वाढणारे प्रवाळ व तत्सम प्राणी ठेवलेले असतात. प्रवाळ म्हणजे पोवळे. मंगळाच्या अंगठीत जे लाल पोवळे बसवितात, तो ह्याच कुळातील एका सागरी प्राण्याचा सांगाडा होय. जिवंतपणी हे प्राणी फुलासारखे दिसतात, म्हणून पुष्कळांना ती वनस्पती वाटते. आपल्या राज्यात मालवणजवळ सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात नैसर्गिक प्रवाळ आहेत आणि १९८७ साली तेथे सागरी अभयारण्य जाहीर झाले. येथे एक इशारा देणे भाग आहे. दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ व समुद्रपंखे ह्यांना २००१ सालापासून वन्यजीव संरक्षण अधिनियमाखाली वाघाच्या बरोबरीचे संरक्षण आहे. ते समुद्रातून काढणे, विकणे वा विकत घेणे हा गुन्हा आहे. तेव्हा कोणी अशा मालाची दलाली करण्यास सुचविल्यास शेतकरी बंधूंनी स्पष्ट नकार द्यावा. परंतु दुसऱ्याच्या टाकीची साफसफाई करावयास गेलेल्या माणसाला आत काय काय आहे हे बहुधा ठाऊक नसते, आणि हात तर त्याचाच पाण्यात जातो.

आत काय असू शकते ते पाहू. प्रवाळांच्या व त्यांच्या भाईबंदांच्या अंगावर अतिसूक्ष्म दंशपेशी असतात. खाजकुइलीची शेंग हाताळल्याप्रमाणे त्यांच्या स्पर्शाने आग होते व चट्टे उठतात. दगडांच्या फटींत केसाळ किडे राहतात. त्यांचे केस कुसळासारखे कातडीत शिरून मोडतात. ते बोटांनी चोळू नयेत. चिकटपट्टी लावून ओढावी म्हणजे बहुतेक निघून येतात. पिसाऱ्यासारखे पर असलेला लायनफिश नावाचा मासा दिसावयास देखणा, पण त्याच्या पाठीवरील काटे विषारी असतात. तसा अनुभव समुद्रकाठच्या लोकांना नवा नाही. पाकट माशाच्या शेपटीतील काटा कोळी बांधव आधी मोडून टाकतात. २०१३ च्या गणेश विसर्जनाच्या वेळी मुंबईत गिरगाव चौपाटीवर उथळ पाण्यात आलेल्या पाकटांनी पुष्कळ भाविकांच्या पायांना डंख केले होते. अशा विषावर एक साधा उपाय गुणकारी ठरतो. हे विष उष्णतेने निष्प्रभ होते. म्हणून दंश झालेला भाग सोसेल तितक्या गरम पाण्यात, म्हणजे सुमारे ४२ ते ४५ अंश सेल्सिअस तपमानाच्या पाण्यात, अर्धा ते दीड तास बुडवून ठेवावा. पाणी किती गरम आहे हे मात्र दुसऱ्या, निरोगी हाताने पाहावे. दुखावलेला हात बधिर झालेला असतो आणि तो भाजला तरी कळत नाही. हे करून झाल्यावर दवाखान्यात जावे.

एका विषाबद्दल विशेष सांगितले पाहिजे. झोअँथिड नावाचे बटणाएवढे मऊ प्राणी दगडांवर गालिचासारखे पसरतात. हौशी लोकांना ते फार प्रिय असतात. त्यांच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचे अत्यंत तीव्र विष असते. हवाई बेटांतील लोक ते भाल्याच्या टोकाला फासत असत, अशी तिकडची पूर्वापार कथा आहे. शास्त्रज्ञांनी त्या बेटांवरील प्राण्यांतूनच १९७१ साली ते वेगळे केले. अखंड कातडीतून ते फारसे शिरत नाही. जखमेतून शिरते, डोळ्यांत उडाल्यास डोळ्यास गंभीर इजा करते, आणि दगड उकळत्या पाण्याने धुतल्यास वाफेबरोबर श्वासात जाते. २०१८ साली इंग्लंडमधील ऑक्सफर्डशायर भागात घरच्या टाकीतील प्रवाळ साफ करताना एक संपूर्ण कुटुंब आजारी पडले आणि मदतीस आलेल्या अग्निशामक दलाच्या जवानांनाही इस्पितळात न्यावे लागले. त्या घरात हातमोजे असते तरी वाफेपासून रक्षण झाले नसते. म्हणून मत्स्यटाकीतील दगड कधीही उकळू नयेत, कडक ब्रशाने हवेत तुषार उडतील असे घासू नयेत, आणि असे प्राणी कापण्याचे काम अंगावर घेऊ नये. घ्यावेच लागले तर हातमोज्यांबरोबर डोळ्यांना चष्मा हवा.

विषाची भीती कोणालाही पटते. जंतूंची भीती पटत नाही, कारण ते दिसत नाहीत व त्यांचा परिणाम उशिरा होतो. आमच्या पडेगावच्या तरुणाला बाधले ते ह्याच मार्गाने. क्षयाच्या जंतूचा एक भाऊबंद पाण्यात राहतो. १९२६ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या मत्स्यालयातील मेलेल्या सागरी माशांत तो प्रथम ओळखला गेला, म्हणून त्याला मायकोबॅक्टेरियम मरिनम, म्हणजे समुद्रातील क्षयवर्गीय जंतू, असे नाव मिळाले. नाव समुद्राचे असले तरी गोड्या पाण्याच्या टाकीत व तळ्यातही तो आढळतो. शेततळ्यात रोहू, कटला वाढविणाऱ्यांनी आपला ह्याच्याशी संबंध नाही असे समजू नये. हा जंतू सुमारे ३० अंश तपमानात चांगला वाढतो. शरीराच्या आतील ऊब त्याला मानवत नाही. म्हणून तो बोटे, हाताची पाठ, कोपर अशा तुलनेने थंड जागी ठाण मांडतो. लहानशी खरचट त्याला पुरते. ती भरून येते. दोन-तीन आठवड्यांनी, केव्हा केव्हा काही महिन्यांनी, त्या जागी गाठ उठते, फुटते, वाहते, आणि रसवाहिन्यांच्या मार्गाने हातावर माळेसारख्या आणखी गाठी चढत जातात. वेळीच ओळखल्यास योग्य औषधांनी तो बरा होतो. मात्र ती औषधे कित्येक महिने घ्यावी लागतात. न ओळखल्यास सांधा व स्नायूबंध धरून बोट कायमचे ताठ होण्याचा धोका असतो. शेतकऱ्याच्या उजव्या हाताचे बोट ताठ होणे म्हणजे काय, हे ह्या पत्रिकेच्या वाचकांना सांगावयास नको.

ह्याहून झपाट्याने घाला घालणारे जंतूही आहेत. कोमट खाऱ्या पाण्यात राहणाऱ्या एका व्हिब्रिओ जातीच्या जंतूमुळे एका दिवसात हात सुजून काळानिळा पडू शकतो. यकृताचा विकार किंवा मधुमेह असलेल्यांना त्यात जीवही गमवावा लागतो. इस्रायल देशात १९९६ व १९९७ साली तळ्यात वाढविलेले तिलापिया मासे हाताळताना काटा लागलेल्या साठाहून अधिक लोकांना अशी बाधा झाली. त्यांपैकी काहींची बोटे वा अवयव कापावे लागले. त्या वर्षी काय बदलले होते? आधी मासळी बर्फात घालून विकली जात असे. आता गिऱ्हाइकाला जिवंत मासळी हवी म्हणून ती पाण्यातच बाजारात येऊ लागली होती. जिवंत मासा फडफडतो आणि काटा हातात शिरतो. आपल्या बाजारांतही जिवंत मासळीला भाव अधिक मिळतो. तेव्हा मागूर, शिंगाळा व तिलापिया उघड्या हाताने न धरता जाड मोजे घालून किंवा जाळीने उचलणे इष्ट होय.

आता हातमोज्यांची दुसरी बाजू. हातमोजा केवळ हाताचे रक्षण करतो असे नाही. तो टाकीचेही रक्षण करतो, आणि शेतकऱ्याच्या बाबतीत ही बाजू अधिक महत्त्वाची आहे. मोसंबीच्या खोडाला बोर्डो पेस्ट लावून किंवा डाळिंबावर कॉपर ऑक्सिक्लोराईड मारून आलेल्या हाताला तांबे लागलेले असते. माणसाला ते विशेष बाधत नाही, परंतु प्रवाळ, कोळंबी व गोगलगायी ह्यांना पाण्यातील तांब्याचा अत्यल्प अंशही मारक ठरतो. सिंथेटिक पायरेथ्रॉईड वर्गातील कीटकनाशके तर मासे व कोळंबी ह्यांना फारच विषारी आहेत. सकाळी कपाशीवर फवारणी केलेला मनुष्य दुपारी हात पाण्याने खळबळून टाकीत घालतो, संध्याकाळी मासे उलटे तरंगतात, आणि दोष विकत घेतलेल्या मिठावर येतो. साबण, तेल, डास येऊ नयेत म्हणून चोळलेले मलम, ह्यांचीही तीच गोष्ट. म्हणून फवारणी केलेल्या दिवशी टाकीचे वा मत्स्यबीजाच्या हौदाचे काम शक्यतो ठेवूच नये. ठेवावेच लागले तर स्नान करून, कपडे बदलून, कोपरापर्यंत हात धुऊन, त्यावर नवे हातमोजे घालावेत.

फवारणीचे हातमोजे व मत्स्यटाकीचे हातमोजे एक कधीही करू नयेत. ही सूचना बारीकसारीक वाटेल, परंतु काटकसरीच्या सवयीमुळे हीच चूक सर्वांत अधिक होते. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन सुमारे वीस शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले आणि शेकडो लोकांना रुग्णालयात दाखल करावे लागले. त्यानंतर गावोगावी संरक्षक संचांविषयी प्रचार झाला व अनेकांच्या घरी हातमोजे आले. ते खुंटीवर टांगलेले दिसतात, समोर दिसले म्हणजे माणूस तेच चढवितो. ह्याला सोपा तोडगा म्हणजे दोन रंग. फवारणीचे मोजे एका रंगाचे व टाकीचे दुसऱ्या रंगाचे घ्यावेत आणि दोन्ही वेगवेगळ्या खोल्यांत ठेवावेत.

कोणता मोजा घ्यावा? डॉक्टर वापरतात तसे पातळ नायट्राइलचे मोजे हाताला घट्ट बसतात व बोटांची जाण राहते. जंतू, दंशपेशी व विषारी चिकटा ह्यांपासून ते चांगले रक्षण करतात. लॅटेक्सच्या रबराने काहींच्या अंगावर पित्त उठते, तो त्रास नायट्राइलने होत नाही. पावडर लावलेले मोजे मात्र घेऊ नयेत, ती पावडर पाण्यात जाते. पातळ मोज्यातून लायनफिशचा काटा किंवा मागूरचे शिंग आरपार जाते, हे पक्के ध्यानात ठेवावे. तेथे जाड मोजाही पूर्ण भरवशाचा नाही. जाळी, लांब चिमटा व काचेचे भांडे हीच खरी साधने. भांडी घासण्याचे रबरी मोजे दगड उचलण्यास ठीक, परंतु ते मनगटाच्या थोडे वर येऊन संपतात. टाकी हातभर खोल असते. कडेवरून पाणी एकदा आत शिरले म्हणजे मोज्याची पिशवी बनते आणि त्यात जखमी बोट तासभर त्याच घाण पाण्यात भिजत राहते. असा मोजा नसलेला बरा.

ह्यावर आपल्या ग्रामीण भागात एक साधन आयतेच उपलब्ध आहे. गाईंना कृत्रिम रेतन करताना पशुवैद्यकीय कर्मचारी खांद्यापर्यंत येणारा पातळ प्लॅस्टिकचा लांब मोजा घालतात. तो जनावरांच्या औषधांच्या दुकानात मिळतो. हा लांब मोजा आधी चढवावा, वर नायट्राइलचा घट्ट मोजा घालावा आणि दंडावर रबराचा पट्टा हलका लावावा. खोल टाकीसाठी ही जोडी कमी खर्चात काम देते. लांब मोजा एकदा वापरून टाकून द्यावयाचा असतो. तो धुऊन पुन्हा वापरू नये.

प्रत्येक वेळी घालण्यापूर्वी मोजा फुग्यासारखा हवेने फुगवून पाण्यात दाबावा. बुडबुडे आले तर तो फेकावा. तोंडाने मात्र फुगवू नये. तोंडाचा विषय निघालाच आहे, तर डिझेल काढण्यासाठी नळी ओढून घेण्याची जी सवय आपल्याकडे आहे, ती मत्स्यटाकीचे पाणी काढताना अगदी वर्ज्य समजावी. नळी आधी पाण्याने भरून घ्यावी.

हात पाण्यात घालण्यापूर्वी हातांवर जखमा आहेत काय, हे पाहण्याची एक घरगुती रीत आहे. स्वच्छ वाटीत मिठाचे पाणी घेऊन त्यात बोटे बुडवावीत. जेथे चुरचुरेल तेथे कातडी फाटलेली आहे. कापूस वेचणीच्या दिवसांत वाळलेल्या बोंडांच्या टोकांनी नखांच्या कडा इतक्या फाटलेल्या असतात की दहांपैकी दहा बोटे चुरचुरतात. त्या दिवसांत मोज्यांशिवाय टाकीत हात घालणे म्हणजे रोगाला घरी आमंत्रण देणे होय. उघडी, ओली जखम असेल तर मोजे घालूनही ते काम दुसऱ्याकडे सोपवावे.

विजेसंबंधी दोन शब्द. पंप, तापक व दिवे ह्यांचे बटण बंद करून, पिना काढून मगच हात आत घालावा. मिठाचे पाणी साध्या पाण्यापेक्षा पुष्कळ अधिक वीज वाहून नेते, आणि ओला, भोक पडलेला रबरी मोजा म्हणजे लाइनमनचा मोजा नव्हे. शेडमध्ये आर.सी.सी.बी. बसवून घेणे अगत्याचे आहे.

काम संपल्यावर मोजे उलटे करून काढावेत, म्हणजे बाहेरची ओली बाजू आत जाते. नंतर साबणाने हात धुवावेत. खरचट झालीच असेल तर ती वाहत्या स्वच्छ पाण्याखाली साबणाने धुवावी. त्यावर हळद, राख वा तंबाखू दाबू नये. सूज, ताप किंवा काळेनिळेपणा दिसल्यास दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता त्याच घटकेस रुग्णालय गाठावे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी ह्यापुढील एवढे काम आवर्जून करावे. आपल्या गावात जो मासे वाढवितो, पकडतो, विकतो वा टाक्या साफ करतो, त्याच्या हातावर न हटणारी गाठ दिसल्यास त्याला डॉक्टरांपुढे एक वाक्य बोलावयास शिकवावे : “मी मासळीच्या पाण्यात काम करतो.” हे वाक्य का हवे, त्याचे कारण असे की गाठीचा तुकडा तपासणीस पाठविल्यावर प्रयोगशाळा तो नेहमी शरीराच्या, म्हणजे ३७ अंशांच्या तपमानात ठेवते. आपला हा जंतू त्या उबेत नीट वाढत नाही आणि अहवाल ‘काही आढळले नाही’ असा येण्याचा संभव असतो. माशांचा उल्लेख झाला तर डॉक्टर ३० ते ३२ अंशांत वाढवून पाहण्यास प्रयोगशाळेला कळवितात. शिवाय खाज व सूज तात्पुरती दाबणारी स्टिरॉईडयुक्त मलमे दुकानातून परस्पर आणून लावली जातात, त्यांनी हे दुखणे अधिक पसरते, तीही थांबवावीत.

पडेगावच्या त्या तरुणाने हे वाक्य पाचव्या महिन्यात उच्चारले. त्यानंतरच्या तपासणीत जंतू सापडला व औषधे सुरू झाली. अलीकडे तो पुन्हा छावणीच्या बाजारात भेटला तेव्हा बोटावर फिकट व्रण उरला होता, मूठ मात्र अजून पुरती वळत नव्हती. गोळ्यांचे आणखी दोन महिने बाकी होते. टाक्यांचे काम त्याने सोडलेले नाही. त्याच्या पिशवीत निळ्या मोज्यांचा खोका होता, आणि गिऱ्हाइकाच्या घरी गेल्यावर टाकीत कोणकोणते प्राणी आहेत हे आधी विचारून वहीत लिहून घेतो, असे त्याने सांगितले.